बट्टा आधी सांगावा

सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्याला नातेवाइकांत एक मान असतो. ठेव कुठे ठेवावी, कर्जाचा व्याजदर वाजवी आहे की नाही, खात्याला वारसाचे नाव कसे लावावे, असे प्रश्न घेऊन माणसे येतात आणि आपण सांगू ते प्रमाण मानतात. मी एम.कॉम. झालेला, एका राष्ट्रीयीकृत बँकेत छत्तीस वर्षे काढून २०१९ मध्ये निवृत्त झालेला माणूस. हा मान मी आनंदाने मिरवत होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये थायलंडच्या दहा दिवसांच्या प्रवासात तो मान ४,७६८ रुपयांना कसा गेला, त्याची ही हकिकत आहे. सांगताना थोडा संकोच वाटतो. परंतु आपल्या घरांतून आता मुलांकडे, व्यापारासाठी आणि पर्यटनासाठी परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. पुढच्यास ठेच लागली तर मागचा शहाणा होतो, म्हणून सांगतो.

आम्ही चौघे होतो. मी, सौभाग्यवती, तिची धाकटी बहीण आणि आमचे साडूभाऊ. साडूभाऊंचे बार्शीला भुसार मालाचे दुकान आहे. शिक्षण दहावीपर्यंत, पण रोज रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय ते अंथरुणाला पाठ लावत नाहीत, आणि ही सवय प्रवासातही सुटत नाही. विमान आणि हॉटेल यांचे पैसे आगाऊ भरले होते. प्रश्न होता तो वरखर्चाचा.

साडूभाऊंनी निघण्यापूर्वी पुण्यातील एका अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून शंभर डॉलरच्या तीन नोटा घेतल्या. बाजारात डॉलर त्र्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. त्यांना तो ८४ रुपये २० पैशांना पडला आणि वर ४५ रुपये वस्तू व सेवा कर लागला. मला ते जुन्या वळणाचे वाटले. मी हसून म्हणालो, “साडूभाऊ, आता कुणी नोटा खिशात घेऊन फिरतं का? कार्ड घालायचं, हवे तेवढे पैसे काढायचे.” ते म्हणाले, “तुम्ही बँकेतले, भाऊसाहेब. तुम्हाला ठाऊक.” आणि नोटांची घडी त्यांनी पासपोर्टच्या पाकिटात ठेवून दिली.

मी मात्र माझे डेबिट कार्ड घेऊन निघालो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार ऑक्टोबर २०२० पासून नव्याने दिले जाणारे कार्ड केवळ देशांतर्गत एटीएम आणि दुकानांतील यंत्रांपुरतेच चालू असते; परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. तो मी मोबाइलवरून सुरू केला, दैनंदिन मर्यादा ठरवली आणि आपण सर्व तयारी केली अशा समाधानात विमानात बसलो. ज्या गोष्टीची चौकशी प्रथम करायला हवी होती, ती केलीच नाही. काढलेल्या पैशांवर आकार किती, हा प्रश्न मला पडला नाही. कारण छत्तीस वर्षे तो प्रश्न मला विचारला जात होता, मी विचारत नव्हतो.

बँकॉकला उतरल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली म्हणजे रोख पैशांवाचून चालणार नाही. तेथील लहानमोठ्या सर्व विक्रेत्यांकडे क्यूआर कोडचे फलक दिसतात, पण त्यामागची प्रॉम्प्टपे ही व्यवस्था थायलंडमधील बँक खात्यांसाठी आहे. आमच्या मोबाइलमधील यूपीआयला ते फलक त्या वेळी ओळख देत नव्हते. दुसरी गोष्ट जेवणाची. आपल्या आहाराला चालेल असे अन्न तेथे मिळते, आणि त्याची खूण ओळखता आली तर विनासायास मिळते. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत लिहिलेले ‘जे’ अन्न म्हणजे मांस, मासे, अंडी यांवाचून आणि कांदा-लसणावाचूनही केलेले. परंतु असे अन्न देणाऱ्या बहुतेक गाड्या आणि छोटी दुकाने रोखीवर चालतात. चियांग माईतील लाल रंगाच्या सामायिक प्रवासी गाड्या, मंदिरांची प्रवेशपत्रे, फळवाले, सगळीकडे बाटच्या नोटा हव्यात.

त्याच दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा यंत्रासमोर उभा राहिलो. परक्या मुलखात जवळ जास्त रोकड ठेवू नये, ही माझी शिकवण; म्हणून २,००० बाटच मागितले. यंत्राने विचारले, या व्यवहारासाठी २२० बाट आकार लागेल, मान्य आहे का? मी मान्य केले. खरे सांगायचे तर २२० हा आकडा वाचताना माझ्या मनात रुपयेच आले. एक बाट म्हणजे सुमारे दोन रुपये तीस पैसे, हे मला पाठ होते. तरी त्या क्षणी गुणाकार झाला नाही. ते पाचशे सहा रुपये होते.

असे मी दहा दिवसांत पाच वेळा केले. दर वेळी २,००० बाट. एकदा तर खात्यात शिल्लक किती राहिली हेही त्या परक्या यंत्रावर पाहिले. चियांग माईतील दोन यंत्रांनी मला आणखी एक प्रश्न विचारला. पडद्यावर रुपयांतील रक्कम ठळक अक्षरांत आली, तिच्याखाली विनिमयाचा भाव आला, आणि दोन पर्याय समोर आले: रूपांतर स्वीकारा किंवा रूपांतर नाकारा. नाकारले तर व्यवहारच रद्द होईल आणि कार्ड अडकेल, असे मला वाटले. शिवाय आपल्या रुपयांत रक्कम दिसते आहे, म्हणजे हिशोब स्वच्छ आहे, असेही वाटले. मागे रांग होती. दोन्ही वेळा मी स्वीकारले.

साडूभाऊंनी बँकॉकमध्ये एका चलन बदलणाऱ्या पेढीवर आपल्या तीन नोटा बदलल्या. जाताना मला बरोबर घेऊन गेले होते. पेढीच्या दर्शनी भागी भावांचा फलक होता आणि त्यावर शंभर डॉलरच्या नोटेला एक भाव, लहान नोटांना त्याहून कमी भाव, असे स्पष्ट लिहिलेले होते. विमानतळावरचा भाव त्यांनी येतानाच टिपून ठेवला होता. तो बराच कमी होता. पासपोर्ट दाखवून त्यांनी एका डॉलरला ३५ बाट ७५ सतांग या भावाने १०,७२५ बाट घेतले, मोजले, आणि तेथेच बाजूला उभे राहून वहीत नोंदवले.

चियांग माईत एका रात्री रोजमेळ लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारले, “भाऊसाहेब, तुमचे हजार बाट केवढ्याला पडले?”

मला उत्तर देता आले नाही. दोन हजार तीनशेच्या आसपास, असे काहीतरी मी म्हणालो. ते म्हणाले, “आसपास नको, माझ्यासाठी नेमका आकडा पाहा. पुढच्या वेळी मीही कार्डच आणीन म्हणतो.” त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. ते खरोखरच शिकायला बसले होते, आणि शिकवायला बसलेल्याजवळ उत्तर नव्हते.

पुण्याला परतल्यावर मी खाते उतारा काढला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या हिशोबातील पायऱ्या येथे मांडतो, कारण पैसा कोणत्या वाटेने गळतो हे एकदा दिसले की पुढे फसगत होत नाही.

पहिली पायरी यंत्राच्या मालकाची. तेथील बँकेने परदेशी कार्डासाठी लावलेले २२० बाट माझ्या रकमेत मिळवले गेले, म्हणून माझ्या खात्याला २,००० नव्हे तर २,२२० बाटचा व्यवहार आला. त्याचे ५,१०६ रुपये झाले. दुसरी पायरी माझ्या बँकेची. परदेशातील एटीएममधून पैसे काढल्याचा ठरीव आकार १२५ रुपये, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, एकूण १४७ रुपये ५० पैसे. तिसरी पायरी चलनबदलाच्या अधिभाराची, ज्याला बँकेच्या भाषेत मार्कअप म्हणतात. तो साडेतीन टक्के आणि त्यावर पुन्हा कर, म्हणजे २१० रुपये ८८ पैसे. गंमत अशी की हा अधिभार यंत्रमालकाच्या २२० बाटवरही लागला. आकारावर अधिभार आणि अधिभारावर कर. एकूण ५,४६४ रुपये ३८ पैसे खर्चून माझ्या हाती ४,६०० रुपयांचे बाट आले. शेकडा जवळजवळ एकोणीस रुपये वाटेत गेले.

ज्या दोन वेळा मी रूपांतर स्वीकारले, त्या वेळी तर कहर झाला. या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. आपल्या कार्डाच्या व्यवस्थेचा भाव बाजूला ठेवून यंत्रामागची संस्था स्वतःचा भाव लावते, आणि त्या भावातच तिचा नफा असतो. मला बाट दोन रुपये तीस पैशांऐवजी दोन रुपये सेहेचाळीस पैशांना दिला गेला. रुपयांत व्यवहार झाला म्हणून माझ्या बँकेचा अधिभार तरी वाचला असेल, अशी माझी समजूत होती. तो पूर्ण लागला नाही, पण अशा व्यवहारांसाठी असलेला एक टक्का आणि त्यावरील कर लागलाच. ठरीव आकार होताच. तेच ४,६०० रुपयांचे बाट मला ५,६७३ रुपयांना पडले. नाकारले असते तरी पैसे मिळालेच असते, कार्डही परत आले असते. नाकारायचे होते ते केवळ त्यांचे रूपांतर.

शिल्लक पाहिल्याचे २९ रुपये ५० पैसे धरून पाच व्यवहारांचा एकूण खर्च ४,७६८ रुपये ९२ पैसे झाला. हाती आलेले चलन २३,००० रुपयांचे. शेकडा वीस रुपयांहून अधिक. साडूभाऊंचा हिशोबही मी मांडून पाहिला. त्यांनी २५,३०५ रुपये दिले आणि त्यांना २४,६६७ रुपयांचे बाट मिळाले. खर्च ६३८ रुपये, शेकडा अडीचच्या किंचित वर. आणि मीच जर ते १०,००० बाट एकदम काढले असते आणि रूपांतर नाकारले असते, तर खर्च १,६२४ रुपयांवर आटोपला असता. म्हणजे तीन हजारांहून अधिक रुपये केवळ माझ्या अज्ञानाचे होते. त्यात थायलंडचा दोष नव्हता.

मी तो हिशोब बार्शीला फोनवरून वाचून दाखवला. साडूभाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, “म्हणजे हा बट्टाच की.”

हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांचे आजोबा बार्शीला आडतीचा व्यापार करीत. बार्शी इंग्रजी अमलात आणि गावाबाहेर थोडे पूर्वेला गेले की निजामाचे राज्य. तिकडचा शेतकरी माल घेऊन येई त्याच्या कनवटीला हालीसिक्का, इकडच्या पेढीवर कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा सर्वसाधारण हिशोब. बाजाराप्रमाणे त्यात थोडे वर-खाली होई. नाणे बदलून देणारा जो फरक घेई तो बट्टा, आणि दूरच्या गावी पैसा पोहोचवण्यासाठी हुंडी लिहून देताना जो घेई ती हुंडणावळ. परक्या मुलखात आपला पैसा वापरायचा तर काही द्यावे लागते, ही गोष्ट आपल्या घराण्यांना नवी नाही. साडूभाऊ म्हणाले, “बट्टा घेण्यात आजोबांना कधी लाज वाटली नाही. पण गाडीवरून पोतं उतरण्याआधी ते बट्टा सांगायचे. उतरल्यावर सांगितला तर पैशाचा बट्टा आपल्या नावाला लागतो, म्हणायचे.”

दुसऱ्या दिवशी मी खाते उतारा घेऊन माझ्याच बँकेच्या शाखेत गेलो. पैसे परत मिळावेत असे काही माझ्याजवळ कारण नव्हते. पण मन शांत होत नव्हते. तेथील तरुण अधिकारी सौजन्याने उठून उभा राहिला. त्याने उतारा वाचला, संगणकावर काही पाहिले आणि म्हणाला, “सर, हे सगळं आकारांच्या तक्त्यात दिलेलं आहे. संकेतस्थळावरही आहे. कार्ड घेताना आपण अर्जावर सही केलेली असते. आणि आपण तर आपल्याच बँकेचे.”

तो एक शब्दही चुकीचे बोलला नव्हता. तरी माझा चेहरा उतरला, आणि तो उतरला याचे कारण त्या तरुणाला कळणे शक्य नव्हते. हीच वाक्ये, जवळजवळ याच क्रमाने, मी एकदा दुसऱ्याला ऐकवली होती.

ही २०१० ची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी शाखा व्यवस्थापक होतो. तेथील एक कापड व्यापारी आमचे जुने खातेदार. लेकीच्या बाळंतपणासाठी ते पती-पत्नी सिंगापूरला जाऊन आले. जाण्यापूर्वी ते माझ्याकडे आले होते. माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी विचारले होते, “साहेब, हे कार्ड तिकडे चालतं ना?” मी म्हणालो, चालते. त्यांचा प्रश्न तेवढाच होता आणि माझे उत्तरही तेवढेच. दीड महिन्याने ते पासबुक घेऊन आले. जावयाकडे पैसे मागणे नको म्हणून त्यांनी सात वेळा शंभर-शंभर सिंगापूर डॉलर काढले होते, आणि प्रत्येक नोंदीखाली आकाराची वेगळी नोंद होती. एकूण १,६७२ रुपये.

मी त्यांना बसायला सांगितले, चहा मागवला, आणि आकारांचा तक्ता दाखवला. सर्व नियमानुसार आहे, आपण सही केलेली आहे, असे सांगितले. त्यांनी तक्ता नीट पाहिला. मग म्हणाले, “साहेब, आमच्या दुकानात कापड फाडण्याआधी भाव सांगतात.” चहा अर्धा ठेवून ते उठले. खाते त्यांनी बंद केले नाही, भांडण केले नाही; पण त्यानंतर मुलाला पाठवत, स्वतः आले नाहीत. मला तेव्हा वाटले, व्यापारी माणूस, हजार-दीड हजारासाठी मन लहान केले.

माझ्या त्या वेळच्या मनःस्थितीची एक बाजू सांगितली पाहिजे. ती समर्थन म्हणून नव्हे. दर तिमाहीच्या आढावा बैठकीत आम्हाला व्याजेतर उत्पन्नाचे उद्दिष्ट असे. हमीपत्रांवरील दलाली, लॉकरचे भाडे, निरनिराळे आकार, हे सारे त्यात मोडे. आकार कमी झाला तर विचारणा होई. ग्राहकाला आकार आधी समजावून सांगितला म्हणून कुणी पाठ थोपटत नसे. बँकेला खर्च असतो, यंत्रे मोफत चालत नाहीत, हे मी आजही म्हणेन. यंत्रात नोटा भरणे, त्यांची ने-आण, परदेशी बँकेला द्यावा लागणारा वाटा, चलनाच्या भावातील चढउताराचा धोका, हे सगळे खरे आहे. परंतु “एकदाच मोठी रक्कम काढा, लहान लहान काढू नका” हे एक वाक्य उच्चारायला मला काही खर्च येणार नव्हता. ते मी उच्चारले नाही. मला ते ठाऊक होते, त्यांना नव्हते, आणि ते टेबलाच्या पलीकडे माझ्याच भरवशावर बसले होते.

मार्च महिन्यात एका लग्नासाठी त्या भागात जाणे झाले, तेव्हा मी वाट वाकडी करून त्यांच्या दुकानात गेलो. दुकान आता मुलगा आणि नातू पाहतात. ते स्वतः ऐंशीच्या पुढचे. गादीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांनी मला ओळखले. मी इकडचे-तिकडचे बोलणे न लांबवता थायलंडची हकिकत सांगितली, आकडे सांगितले, आणि म्हणालो, “तुमच्या वेळी मी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ती चूक माझी होती.”

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एक हजार सहाशे बहात्तर.”

चौदा वर्षांनी तो आकडा त्यांच्या तोंडून आला तेव्हा माझी मान खाली गेली. त्यांच्या ते लक्षात आले असावे. ते म्हणाले, “पैशाचं मनात नाही हो साहेब. पैसे काय, एका गाठोड्यात इकडचे तिकडे होतात. मला एवढंच वाटलं होतं, की घरी येऊन बायकोला सांगितलं, साहेबांना विचारून गेलो होतो, तरी असं कसं झालं? तिला काय उत्तर देऊ, ते मला सुचेना.”

त्यांच्या पत्नी आता हयात नाहीत. हे उत्तर मी त्यांना द्यायला चौदा वर्षे उशिरा गेलो होतो.

निघताना त्यांनी नातवाला बोलावले. तो जूनमध्ये मित्रांबरोबर व्हिएतनामला जाणार होता. “साहेबांना काय विचारायचं ते विचार,” ते म्हणाले. तो मोबाइलवर टिपून घेऊ लागला. मी त्याला जे सांगितले तेच, थोडे विस्ताराने, वाचकांसाठी येथे देतो.

निघण्यापूर्वी आपल्या बँकेला तीन प्रश्न विचारावेत: परदेशातील यंत्रातून पैसे काढण्याचा ठरीव आकार किती, चलनबदलाचा अधिभार किती टक्के, आणि आपल्या कार्डाला कोणत्या सवलती आहेत. काही बँकांची काही कार्डे अधिभार घेत नाहीत किंवा कमी घेतात. उत्तर तोंडी न घेता छापील तक्त्यावर पाहावे.

जेथे कार्ड चालते तेथे, म्हणजे हॉटेल, मोठे दुकान, रुग्णालय अशा ठिकाणी, थेट कार्डाने पैसे द्यावेत. तेथे अधिभार लागतो, पण पैसे काढण्याचा ठरीव आकार लागत नाही. रोकड फक्त किरकोळ खर्चासाठी ठेवावी. दुकानदाराच्या यंत्रानेही “रुपयांत देता का?” असे विचारले तर नम्रपणे नको म्हणून तेथील चलनातच द्यावे.

यंत्रातून पैसे काढायचेच असतील तर गरजेचा अंदाज करून एकदा किंवा दोनदाच काढावेत, आणि रूपांतर नाकारावे. ठरीव आकार रकमेकडे पाहत नाही. दोन हजारांनाही तोच आणि दहा हजारांनाही तोच. तेथे शिल्लक पाहू नये. ती मोबाइलवर विनामूल्य दिसते.

क्रेडिट कार्डाने रोख काढण्याचा मोह टाळावा. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीला नसते. व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि रोख काढण्याचा वेगळा आकार असतो. परकीय चलनाचे आगाऊ भरलेले कार्ड सोयीचे आहे, परंतु ज्या देशात जायचे त्याच देशाचे चलन त्यात मिळते का हे पाहावे. डॉलर भरलेले कार्ड बाटच्या देशात वापरले तर पुन्हा चलनबदल आलाच. शिवाय यंत्राच्या मालकाचा आकार त्या कार्डालाही चुकत नाही.

थोडे डॉलर नोटांच्या रूपात बाळगणे, हे साडूभाऊंचे जुने वळण, मुळीच वाईट नाही. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत आणि पावती जपून ठेवावी. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. पन्नास हजार रुपयांपर्यंतचे परकीय चलन रोख देऊन घेता येते. त्यापुढील रक्कम बँकेमार्फतच द्यावी लागते. परत आल्यावर दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्याहून अधिक उरले असतील तर १८० दिवसांच्या आत परत विकावे लागतात. मात्र सगळा पैसा एकाच खिशात ठेवू नये. नोटा एकीकडे, कार्ड दुसरीकडे, आणि एक जादा कार्ड सोबतीच्या माणसाकडे.

आणि घरी परतल्यावर कार्डाचा परदेशी वापर आठवणीने बंद करावा.

नातवाने सगळे टिपून घेतले. आमचे बोलणे जेमतेम दहा मिनिटे चालले. आजोबा गादीवरून ऐकत होते. बोलणे संपल्यावर त्यांनी मुलाला हाक मारून चहा सांगितला, आणि या वेळी आम्ही दोघांनी तो पूर्ण प्यायला.

जुलैमध्ये त्या मुलाचा मला फोन आला. प्रवासात एकदाच पैसे काढले, रूपांतर नाकारले, आकार किती लागला तो आकडाही त्याने सांगितला. तो मी माझ्या वहीत लिहून घेतला. साडूभाऊंचे पाहून मीही आता रोजमेळ लिहितो.